डावा खालचा कोपरा

दाजींची गाडी सिग्नलला उभी राहिली की आधी थरथरायची, मग खोकायची, आणि दिवा हिरवा व्हायच्या सुमारास एक लांब सुस्कारा टाकून बंद पडायची. मागचे लोक हॉर्न वाजवायचे. दाजी काच खाली करून हात बाहेर काढायचे आणि सगळ्यांना पुढे जायची परवानगी द्यायचे. ती कोणी मागितलेली नसायची. पण लिफ्ट तपासणी खात्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला दिवसाकाठी एखादी तरी परवानगी दिल्याशिवाय चैन पडत नाही.

तसे ते फक्त एका माणसाचे दाजी, बायकोच्या धाकट्या भावाचे. पण हा मेव्हणा आला की खाली पार्किंगमधूनच ‘दाजी’ अशी हाक घालायचा, आणि ती तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन परत खाली यायची. हळूहळू सगळी बिल्डिंग त्यांना दाजी म्हणायला लागली. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर त्यांच्याहून वयाने मोठे. तेही दाजीच म्हणायचे.

गाडी बायकोची. लहानशी, जुनी, बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की एखाद्या शिक्षिकेची असेल, आणि ती शिक्षिकेचीच होती. आत मात्र बहीणभावांनी मिळून काय काय कोंबलं होतं ते दाजींना कधी नीट कळलं नाही. टर्बो घातला होता, मोठे इंजेक्टर घातले होते, आणि मूळचा कंप्युटर काढून त्या जागी एक काळी डबी बसवली होती. हे सगळं चाललेलं असताना दाजी वर पेपर वाचत बसायचे आणि खालून हाक आली की चहा घेऊन जायचे. त्या इंजिनाला त्यांचा लागलेला हातभार तेवढाच.

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. तोवर गाडी कापड घालून उभी होती आणि तशीच उभी राहिली असती. पण वाहन कार्यालयाचं पत्र आलं. ठरावीक वर्षांनी होणारी तपासणी आता आली आहे, महिनाअखेर गाडी पास झाली नाही तर तिचं नाव कमी करण्यात येईल. नाव कमी झालेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही आणि बिल्डिंगच्या नियमाप्रमाणे पार्किंगमध्येही ठेवता येत नाही. म्हणजे राहिलं भंगार. मुलीनं फोनवर समजुतीनं सांगितलं की बाबा, आत्ताच विकून टाका, निदान कोणी तरी वापरेल. दाजी म्हणाले, बघू. दाजींच्या तोंडी ‘बघू’ म्हणजे नाही, हे मुलीला माहीत होतं. गाडी विकायची नाही आणि भंगारातही द्यायची नाही, एवढं दाजींचं पक्कं होतं. का, ते कोणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. सुदैवाने मुलीनं विचारलं नाही.

वाहन कार्यालयात टेबलाच्या पलीकडे एक कारकून बसला होता. दाजींनी आयुष्यभर लोकांना टेबलाच्या पलीकडूनच पाहिलेलं. अलीकडची खुर्ची इतकी बुटकी असते, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

“गाडी कोणाच्या नावावर आहे?” कारकुनानं विचारलं.

“माझ्या मिसेसच्या.”

“मालकानं स्वतः हजर राहावं लागतं. त्यांना घेऊन या.”

“त्यांना आणता येणार नाही.”

“मग त्यांना जमेल तेव्हा या. महिनाअखेरच्या आत.”

दाजींनी पिशवीतून दाखला काढून पुढे ठेवला. कारकुनानं तो वाचला, उभा राहिला, परत बसला, आणि त्यानंतर इतक्या हळू आवाजात बोलायला लागला की दाजींना प्रत्येक गोष्ट दोनदा विचारावी लागली. गाडी आधी दाजींच्या नावावर करावी लागेल. नावावर करायला गाडी पास झालेली हवी. पास व्हायला तपासणी हवी, आणि तपासणीला मालक हवा. हे सांगताना कारकुनालाच ओशाळल्यासारखं झालं. दाजींना मात्र आतून कौतुक वाटलं. इतका चोख नियम त्यांच्या खात्यातही नव्हता. शेवटी कारकुनानं बरीच पानं उलटून एक वाट काढली. मालक गैरहजर असेल तर त्याच्या वतीने ड्रायव्हरला गाडी आणता येते. अशा रीतीनं निवृत्त वरिष्ठ लिफ्ट तपासनीस हे आपल्या दिवंगत पत्नीचे ड्रायव्हर म्हणून सरकारदरबारी नोंदले गेले.

तपासणी फार वेळ चाललीच नाही. तपासनिसानं गाडी उभ्या उभ्या चालू ठेवायला सांगितली, धुराच्या नळीत एक दांडी सारली आणि मशीनच्या पडद्यावरचा आकडा बघून ती लगेच बाहेर काढली. पेट्रोल नुसतं ओतलं जातंय, अर्धं जळतच नाही, असं तो म्हणाला. उभी असताना नापास, तेव्हा पुढचं बघण्यात अर्थ नाही. दुरुस्त करून पुन्हा आणा. मग त्यानं दाजींकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मालकिणीला म्हणावं, जरा लक्ष द्या, असं सांगितलं. ड्रायव्हरनं मान हलवली.

गाडी नापास झाल्याची बातमी दाजींच्या आधी बिल्डिंगमध्ये पोचली. सेक्रेटरींनी प्लग बदला म्हणून सांगितलं. समोरच्या काकूंचा ठाम सल्ला असा की गाडी उन्हात उभी करा, आत दमट झालंय. एकानं टाकीत टाकायचं कसलंसं औषध आणून दिलं. त्याच्या स्वतःच्या गाडीला त्याचा गुण आला नव्हता, पण दाजींच्या गाडीला येईल असं त्याला वाटत होतं. दाजींनी सगळ्यांचे आभार मानले आणि मेव्हण्याला फोन लावला.

मेव्हणा दुसऱ्या गावात शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करायचा, आणि तो महिना त्याच्या कामाचा. रविवारी येतो म्हणाला, पण कोणत्या रविवारी ते सांगेना. तोवर त्यानं फोनवर दाजींची शिकवणी घेतली. इंजिन हवा ओढतं. किती हवा आली ते सेन्सर सांगतो आणि डबी त्या मानाने पेट्रोल सोडते, एका भागाला साधारण पंधरा भाग हवा. दाजींनी हे लिफ्टच्या भाषेत उतरवून घेतलं. आत किती माणसं शिरली ते बघून मोटरला जोर द्यायचा, तसलंच हे. पण किती पेट्रोल सोडायचं ते डबी आपल्या मनानं ठरवत नाही, मेव्हणा म्हणाला. तिच्या पोटात एक तक्ता असतो. आडवा इंजिनाचा वेग, उभा इंजिनावरचा भार, आणि दोन्ही जिथं भेटतात त्या चौकोनात एक आकडा. तेवढं पेट्रोल.

हे ऐकून दाजींना एकदम हायसं वाटलं. ज्या गोष्टीत तक्ता आहे ती गोष्ट सरकारी माणसाला परकी नसते.

बायकोचा लॅपटॉप कपाटात होता. दाजींनी तो गाडीला जोडला, मेव्हण्यानं सांगितलं तसं एकेक दाबत गेले, आणि तक्ता उघडला. ज्या चौकोनांतून इंजिन जाऊन जाऊन तिथले आकडे दुरुस्त झाले होते ते हिरवे, आणि जिथं ते कधी नीट गेलंच नव्हतं ते पांढरे. वरची उजवी बाजू, म्हणजे भरपूर वेग आणि भरपूर भार, हिरवीगार होती. मधला भागही बरा होता. खालचा डावा कोपरा मात्र पांढराफटक.

“हा कोपरा रिकामा कसा?” दाजींनी विचारलं.

“तिथले आकडे अंदाजानं टाकलेत. तो कोपरा म्हणजे हळू चालणं आणि उभं राहणं,” मेव्हणा म्हणाला. “तिथं ताई कधी गेलीच नाही.”

“सिग्नलला तरी उभी राहत असेल ना?”

“सिग्नलला ती पायानं रेस धरून ठेवायची, दाजी.”

दाजींनी बोटानं पांढरे चौकोन मोजले. बायको स्वयंपाकघरात, वर्गात, सभेत, सगळीकडे अशीच होती हे त्यांना माहीत होतं. त्याचा असा तक्ता निघू शकतो हे माहीत नव्हतं. आणि स्वतः ते ज्या चालीनं गाडी चालवायचे, ती सगळीच्या सगळी त्या पांढऱ्या कोपऱ्यात मावत होती.

डबीला स्वतः शिकायची सोय आहे, असं मेव्हणा म्हणाला. धुराच्या नळीत एक सेन्सर असतो. पेट्रोल जास्त होतंय की कमी, हे तो सांगतो, आणि तुम्ही जिथून चालवाल तिथले आकडे डबी आपोआप सुधारते. तुम्ही फक्त चालवा. हे काम आपल्याला जमण्यासारखं आहे असं दाजींना वाटलं. लॅपटॉप त्यांनी शेजारच्या सीटवर ठेवला, त्याला पट्टा बांधला आणि निघाले.

निघायच्या आधी एक गोष्ट झाली. दातांचे डॉक्टर खाली आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, सेन्सर शेवटचा साफ कधी केला होता? दाजींना माहीत नव्हतं. डॉक्टर नुसते त्यांच्याकडे बघत राहिले. दाजींना लहानपणापासून या नजरेची भीती. वर्षानुवर्षं धुरात राहणाऱ्या वस्तूवर थर बसणारच, डॉक्टर म्हणाले, आणि वरून स्वतःचा एक बारीक ब्रश घेऊन आले. दोघांनी मिळून सेन्सर काढला, डॉक्टरांनी तो सर्व बाजूंनी घासला, वरून, खालून, आतून. दाजींनी तो परत लावला. डॉक्टर म्हणाले, आता बघा.

दाजी बघायला लागले. रोज सकाळी आणि संध्याकाळी ते गल्ल्यागल्ल्यांतून इतक्या हळू गाडी चालवायचे की सायकलवाले मागं वळून बघायचे. पेपर टाकणाऱ्यानं एकदा काचेवर टकटक करून पत्ता शोधताय का म्हणून विचारलं. दर वळणाला ते थांबून तक्ता बघायचे. पांढरे चौकोन एकेक करून हिरवे होत होते. डबी शिकत होती, आणि आकडे वाढत होते. दाजींना शिकणाऱ्याबद्दल नेहमीच आदर. त्यांनी मुलीला फोन करून गाडी आता हुशार होतेय असं सांगितलं. मुलगी म्हणाली, बाबा, जेवताय ना वेळेवर?

मात्र गाडी जसजशी हुशार होत गेली तसतशी तिची तब्येत ढासळत गेली. पूर्वी ती सिग्नलला बंद पडायची. आता सिग्नल लांबून दिसला तरी बंद पडायला लागली. पेट्रोलचा वास घरापर्यंत यायचा. आणि एके सकाळी दाजींनी पार्किंगमध्ये गाडी चालू केली तेव्हा नळीतून काळ्या धुराचा असा एक लोट निघाला की तो थेट समोरच्या काकूंच्या दोरीपर्यंत गेला. दोरीवर पांढऱ्या चादरी होत्या. काकू गॅलरीत आल्या. त्यांनी चादरींकडे बघितलं, दाजींकडे बघितलं, आणि काही न बोलता आत गेल्या. बोलल्या असत्या तर परवडलं असतं. संध्याकाळी सेक्रेटरींनी पार्किंगमध्ये फलक लावला, की उभी गाडी चालू ठेवू नये. त्यावर कोणाचं नाव नव्हतं, पण तो दाजींच्या गाडीच्या बरोबर समोर लावला होता. दाजींनी चादरी स्वतः धुवून, इस्त्री करून परत दिल्या. काकूंनी त्या घेतल्या आणि दारातच परत घड्या घातल्या.

रविवार आला आणि मेव्हणाही आला. हाक तिसऱ्या मजल्यावर जाऊन परत खाली गेली. त्यानं गाडी चालू करून लगेच बंद केली, तक्ता बघितला आणि डोकं खाजवलं. डबीनं कोपऱ्यातले सगळे आकडे दुपटीच्या घरात नेऊन ठेवले होते. मग तो गाडीखाली शिरला, आणि थोड्या वेळानं आतून त्याचा आवाज आला.

“दाजी, हा सेन्सर नुसता बोटानं फिरतोय. आवळला नाहीत?”

“लावला होता की.”

“लावलात, पण आवळला नाहीत. फटीतून बाहेरची हवा आत जातेय. सेन्सरला वाटतंय पेट्रोल कमी आहे, आणि डबी बिचारी ओततेय.”

दाजींनी आवळायचं, अशी त्यांच्या घरी पद्धतच नव्हती. कधी काळी त्यांनी एक नळ आवळता आवळता तोडला होता, तेव्हापासून घरात ठरून गेलं होतं. डब्याची झाकणं, नळ, बल्ब, पडद्याच्या दांड्या, काहीही असो, दाजींनी नुसतं लावायचं. आवळायचं ते बायको बघायची. सेन्सर लावून ते बाजूला झाले होते आणि हात पुसत उभे राहिले होते, इतकंच. त्या वेळी त्यांच्या मनातही आलं नाही की पुढचं कोणी करायचं राहिलंय.

मेव्हणा बाहेर आला. त्यानं दाजींच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढचं हसू गिळलं. त्यालाही ते घर माहीत होतं.

“पाना द्या,” एवढंच तो म्हणाला, आणि सेन्सर आवळला.

चहा घेताना त्यानं खरी गोष्ट सांगितली. सेन्सर आवळला तरी गाडी पास होईल याची खात्री नाही. पेट्रोल सोडणारे इंजेक्टर मोठे आहेत. उभ्या गाडीला चमचाभर पेट्रोल लागतं आणि हे बादलीनं वाढणारे. मूळचे छोटे इंजेक्टर त्यानं जपून ठेवले होते. ते बसवले तर गाडी उभी छान राहील, महिनाअखेर डोळे मिटून पास होईल. पण तक्ता मुळापासून नवा करावा लागेल. आणि छोट्या इंजेक्टरना वरचा जोर पेलत नाही, तेव्हा टर्बोही काढावा लागेल.

“म्हणजे ताईचं हिरवं सगळं जाणार,” मेव्हणा म्हणाला. “गाडी राहील, दाजी. पण मग ती कुणाचीही गाडी.”

“आणि दुसरा रस्ता?”

“दुसरा म्हणजे हे असंच ठेवून हा कोपरा हातानं भरायचा. गाडी उभी चालू ठेवून एकेक चौकोन घ्यायचा, आकडा कणभर हलवायचा, थांबायचं, बघायचं. मग दिवे लावून तेच. पंखा लावून तेच. गार इंजिनावर तेच, गरम इंजिनावर तेच. लई कंटाळवाणं काम आहे. आम्ही एकदा बसलो होतो. ताई चहा संपायच्या आत उठली. म्हणाली, उभ्या गाडीचं काय कौतुक करायचं. गेली टेकडीकडे.” त्यानं कप खाली ठेवला. “आणि नाही जमलं तर इंजेक्टर बदलायलाही वेळ उरणार नाही. मग भंगारच.”

दाजींनी विचार करायला फारसा वेळ घेतला नाही. लिफ्टचा मजला आणि इमारतीचा मजला एका पातळीत येईपर्यंत ते आयुष्यभर लिफ्टवाल्यांना पुन्हा वर, पुन्हा खाली करायला लावत आले होते. केसभर फरक राहिला तरी सही द्यायचे नाहीत. लोक वैतागायचे. कंटाळा या गोष्टीची दाजींना कधी अडचण वाटली नव्हती. उलट त्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

पार्किंगमध्ये फलक होता, म्हणून ते बंद पडलेल्या कारखान्यामागच्या मोकळ्या आवारात जायला लागले. तिथं कोणी हटकणारं नव्हतं. ते सकाळी डबा घेऊन जायचे, गाडी चालू करायचे आणि बसायचे. आकडा कणभर कमी. थांबायचं. सेन्सरचा काटा स्थिर होऊ द्यायचा. परत कणभर. मध्येच इंजिन खोकायचं, मग एक पाऊल मागं. दिवे लावायचे, इंजिनावर भार पडायचा, शेजारचा चौकोन हिरमुसायचा; मग त्याची समजूत काढायची. एकाचं भलं करावं तर दुसरा रुसतो, हे दाजींनी खात्यात पुष्कळ पाहिलं होतं. दातांचे डॉक्टर एकदा सोबत म्हणून आले आणि दोन चौकोनांनंतर दवाखान्यात पेशंट आहे असं आठवून निघून गेले.

वरच्या हिरव्या भागाला दाजींनी बोट लावलं नाही. एकदा चुकून बाण तिकडे गेला तर त्यांनी लॅपटॉपच मिटून टाकला.

शेवटी एका सकाळी गाडी उभी राहिली. म्हणजे चालू होती आणि उभी होती. दाजींनी डॅशबोर्डवर पाण्याची बाटली ठेवली. तिच्यातलं पाणी हललं नाही. त्यांनी डबा काढला आणि चालू गाडीत बसून जेवले.

महिनाअखेर वाहन कार्यालयात ड्रायव्हर परत हजर झाला. तोच तपासनीस, तीच दांडी. या वेळी त्यानं ती आत राहू दिली, आकडा बघितला, मशीनला एक चापट मारली, परत बघितला. ठीक आहे, म्हणाला. दाजींनी दार उघडायला हात घातला.

“कुठं निघालात? अजून रोलरवर घ्यायची आहे. गेल्या वेळी तिथपर्यंत आलोच नाही आपण.”

पुढे जमिनीत लोखंडी रोलर होते. त्यावर गाडीची चाकं चढवली, पट्ट्यांनी बांधली. जागच्या जागी भरधाव पळवायची आणि वर भार टाकत जायचं, असा प्रकार होता. हे म्हणजे तक्त्याची वरची उजवी बाजू. तिथं ते कधी गेले नव्हते, आणि तिथलं काही त्यांना दुरुस्तही करता आलं नसतं.

“द्या पाय,” तपासनीस म्हणाला. “अजून. ड्रायव्हर ना तुम्ही? द्या की.”

दाजींनी पाय दिला. इंजिनाचा आवाज चढत गेला, त्यांच्या कोपऱ्यातून निघाला, मधून गेला आणि वर पोचला. तिथं खोकणं नाही, अडखळणं नाही. टर्बोची बारीक शीळ तेवढी येत होती, टेकडीच्या रस्त्यावरून खिडकीत ऐकू यायची तशी. तपासनिसानं भार वाढवला. गाडीनं मनावर घेतलं नाही. त्यानं आणखी वाढवला. सांगितल्यावर दाजींनी पाय काढला.

तपासनिसानं कागदावर शिक्का मारला. मग मशीनमधून आलेली चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन नीट वाचली.

“वर फार सुंदर आहे हो. इतकं स्वच्छ सहसा बघायला मिळत नाही,” तो म्हणाला. “खाली ठीक आहे. पास होण्यापुरतं आहे. वरचं ज्यानं केलंय, त्याच्याकडूनच खालचंही करून घ्यायचं होतं.”

“त्यांना वेळ नव्हता,” दाजी म्हणाले.

ते गाडीत येऊन बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला राग आलाय. चांगला सणसणीत. कारखान्यामागं काढलेल्या त्या सकाळींना हा माणूस ‘पास होण्यापुरतं’ म्हणतो. शाळेच्या समारंभात, नातेवाइकांत, बिल्डिंगच्या सभेत लोक त्यांना हेच ऐकवत आले होते, की वहिनींना विचारून करायचं होतं. वर्षभरात कोणी ऐकवलं नव्हतं. वर्षभर सगळे त्यांच्याशी सांभाळून बोलत होते.

त्यांनी तिथूनच मेव्हण्याला फोन लावला, आणि गाडी पास झाल्याचं सांगायच्या आधी तपासनिसाची सविस्तर तक्रार केली. मेव्हणा हसायला लागला तो थांबेचना.

“त्याचं बरोबरच आहे ना, दाजी,” तो शेवटी म्हणाला.

“बरोबर आहे म्हणूनच राग येतोय,” दाजी म्हणाले.